यादीतले नाव



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टर संगणकाचा विषय घेऊन कशाला उभे राहिले, असे काहींच्या मनात येईल. पण माझा विषय भाषेचाच आहे.

लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली. कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. तिचा डेबियन हा अवतार १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक घडवत आहेत. तो पाहण्यासाठी संगणकात काही बसवावे लागत नाही. 'लाइव्ह-बिल्ड' नावाच्या साधनाने हवे ते प्रोग्रॅम, फॉन्ट आणि भाषा निवडून, सगळे घट्ट दाबून एक फाइल बनवतात व ती पेन-ड्राइव्हवर उतरवतात. त्यावरून संगणक सुरू केला की मूळ फाइल जशीच्या तशी राहते. आपले बदल तिच्यावरच्या एका थरात, मेमरीत साठतात आणि संगणक बंद करताच पुसले जातात. आपण मुद्दाम हात लावला नाही, तर हार्ड डिस्कही होती तशीच राहते. पसंत पडले तर इन्स्टॉलर चालवून प्रणाली कायमची बसवायची.

दवाखान्यात आम्ही आधी नाव विचारतो; हा इन्स्टॉलर आधी भाषा विचारतो. डेबियनच्या त्या यादीत मराठी आली १४ फेब्रुवारी २००९ रोजी, 'लेनी' आवृत्तीत. तेव्हा यादीत ६३ भाषा होत्या. कन्नड आली त्यापुढच्या, २०११ च्या आवृत्तीत.

इतका उशीर का? जुन्या पद्धतीच्या अक्षरी पडद्यावर एका चौकटीत एक अक्षर बसते आणि फार तर ५१२ आकार मावतात. आपली जोडाक्षरे त्या चौकटीत कशी बसणार? चित्ररूप इन्स्टॉलर २००७ मध्ये आला, तेव्हा वाट मोकळी झाली. आजही मराठी आणि कन्नड त्यातच निवडता येतात. घरात मराठी बोलून कन्नडात काव्य लिहिणाऱ्या बेंद्र्यांच्या या गावात दोन्ही लिप्या शेजारी नांदतात. यंत्रापुढे दोघींची अडचणही एकच निघाली.

आता मुद्द्याचे. २००९ मध्ये मराठी आत आली, त्याच वेळी एस्टोनियन बाहेर गेली. ती एका स्वतंत्र देशाची राजभाषा. तरी भाषांतर अद्ययावत राहिले नाही म्हणून वगळली गेली. कोणीतरी काम पुन्हा हाती घेतले आणि २०११ मध्ये ती परतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, याचा आपल्या सर्वांना आनंद आहे. पण ही यादी दर्जा विचारत नाही. नव्या आवृत्तीतली नवी वाक्ये कोणी मराठीत आणली, एवढेच पाहते.

साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. आपली नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. संगणक त्यांना येतो, मराठी वाक्याचा कान आपल्याला आहे. म्हणून सुचवतो, मंडळाने एक संध्याकाळ ठेवावी. मुलांनी पेन-ड्राइव्ह लावावा, आपण पडद्यावरचे मराठी मोठ्याने वाचावे, अडखळलो ती वाक्ये लिहून काढावीत आणि सुधारून डेबियनच्या भाषांतरकारांकडे पाठवावीत. भाषा टिकवा, असे आपण दरवर्षी याच सभागृहात म्हणतो. तिचा एवढा एक कोपरा तरी आपल्या हातचा आहे.