मुलांच्या प्रश्नांना घरची उत्तरे

(समाजाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी कॉमर्सचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण दाना ओलीत आमच्या घरी संध्याकाळी शेजारची मुले अभ्यासाला बसतात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचे परिणाम लिहा, राजेशाही आणि लोकशाही यांतला फरक सांगा, असे त्यांचे प्रश्न असतात. गाईडमधले मुद्दे ती पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. या प्रश्नांची उत्तरे आपल्या ग्वाल्हेरच्या इतिहासातही आहेत, आणि ती आपल्या जुन्या घरांनी मुलांना द्यायला हवीत.

फ्रान्सचेच घ्या. महादजी शिंद्यांचे कवायती पायदळ उभे केले सॅव्हॉयच्या द बॉयनने. त्याच्यामागून पेराँ हा फ्रेंच माणूस सेनापती झाला. तिकडे १७८९ ची क्रांती होऊन फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले होते. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. त्याच वर्षी वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास आला. शिंद्यांच्या फौजेतले फ्रेंच त्याच्या डोळ्यांत सलू लागले. १८०३ मध्ये असई आणि लासवारीच्या लढाया झाल्या आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशाचा माणूस शिंद्यांनी नोकरीत ठेवू नये, असे त्यात कलमच होते. पॅरिसच्या आगीची झळ अशी आपल्या दौलतीपर्यंत आली. पुढे १८१० मध्ये दौलतरावांची छावणी इथे पडली, तेच आपले लश्कर.

दुसरा प्रश्न, राज्य कोणाचे आणि कारभार कोणाचा? १८४३ मध्ये जयाजीराव महाराज लहान होते. २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार, दोन्ही लढाया एकाच दिवशी हरलो. जानेवारी १८४४ च्या तहाने फौजेवर नऊ हजारांची मर्यादा आली आणि कारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने चालणाऱ्या मंडळाकडे गेला. गादी शिंद्यांची, शब्द मात्र इंग्रजांचा. हे समजलेल्या मुलाला सार्वभौमत्व म्हणजे काय, ते वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरा प्रश्न आपल्या आजच्या जगण्याचा आहे. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत झाला. जिवाजीराव महाराज राजप्रमुख आणि लीलाधर जोशी पहिले मुख्यमंत्री. हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी इंदूर. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. घटनेच्या सातव्या दुरुस्तीने राजप्रमुख हे पद संपले. आपल्या घरांत ही गोष्ट इथेच, एक सुस्कारा टाकून थांबते.

पण त्याच दुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा, असे ते सांगते. ३५०-ब प्रमाणे त्यावर लक्ष ठेवायला राष्ट्रपती अधिकारी नेमतात. संस्थानात मराठीला आश्रय होता, पण तो महाराजांच्या मर्जीवर. आता मर्जी नाही. घटनेत लिहिलेले कलम आहे. राजेशाही आणि लोकशाही यांतला फरक याहून सोपा कसा सांगणार?

बँकेच्या खिडकीवर रोज पाहतो. स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला आलेला माणूस हात जोडून “साहेब, मेहेरबानी करा” म्हणतो. पैसे त्याचेच असतात! आपला समाजही तसाच वागतो. शाळेत मराठी हवी असेल तर ओळखीचा मोठा माणूस शोधतो, अर्ज करत नाही.

म्हणून दोन सूचना. एक, आठवड्यातून दोन संध्याकाळी ज्येष्ठांनी मुलांना घेऊन बसावे. पूर्वजांचा पराक्रम सांगावा, आणि तहाची कलमेही सांगावीत. दोन, आपल्या समाजाने मराठी मुलांची वस्तीवार यादी करून ३५०-अ चा उल्लेख असलेला अर्ज जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. निवडणुकीत मराठी मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्या अर्जाचे काय झाले हे विचारावे. मुलांना सोबत न्यावे. नागरिकशास्त्राचा तोही एक धडाच आहे.