मित्र बरोबर होता, कोडही बरोबर होता

हेडफोन लावलेत ना? मग बसा निवांत.

आजचा भाग जरा वेगळा आहे. दरवेळी मी तुम्हाला एखादी गोष्ट समजावून सांगतो. आज मी स्वतः कुठे चुकलो ते सांगणार आहे. चूक २०१८ सालची आहे. ती मला कळली गेल्या वर्षी. मधल्या काळात मी ती गोष्ट चार-पाच पार्ट्यांमध्ये स्वतःची फुशारकी म्हणून सांगितली होती, हे आणखी वाईट.

तर, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघं पुण्यात कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी कॉम्प्युटरचा, एक मेकॅनिकलवाला, एक सिव्हिलवाला आणि चौथा कॉमर्सचा. तो सीएची तयारी करत होता, म्हणून झाला नव्हता तरी आम्ही त्याला 'सीए'च म्हणायचो. तासगावचा. वडिलांचं किराणा दुकान. रोजचा खर्च वहीत लिहून ठेवणारा माणूस.

रात्री अकरानंतर आमचा एकच धंदा. कुणीतरी एक कोडं टाकायचं आणि मग दोन वाजेपर्यंत भांडायचं. फिजिक्स, गणित, काहीही चालायचं. मालकांनी दोनदा वर येऊन दम दिला होता.

एक उदाहरण देतो. बंद गाडीत गॅसचा फुगा आहे, दोरीला बांधलेला, मध्ये तरंगतोय. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आपण सगळे पुढे जातो. फुगा कुठे जाईल?

आम्ही तिघं इंजिनिअर एका सुरात म्हणालो, पुढे. इनर्शिया आहे ना बाबा! सीए म्हणाला, "मागे जाईल असं वाटतंय." का, तर म्हणे, "फुगा वर का जातो? हवा त्याच्यापेक्षा जड, ती खाली बसते आणि ह्याला वर ढकलते. मग ब्रेक मारल्यावर हवासुद्धा पुढे जाईल आणि ह्याला मागे ढकलेल."

आम्ही हसलो. मग रविवारी सिव्हिलवाल्याच्या मामाची गाडी मिळाली, फुगा आणला, काचा बंद केल्या आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारला. आम्ही पुढे आपटलो. फुगा शांतपणे मागे गेला. गाडी जोरात पुढे पळवली, तर फुगाही पुढे!

अशा कोड्यांचं बरं असतं. करून बघा, विषय संपला.

दुसऱ्या प्रकारची कोडी जास्त त्रास देतात. कन्व्हेअर बेल्टवर विमान आहे, विमान जेवढ्या वेगाने पुढे जाईल तेवढ्याच वेगाने बेल्ट मागे फिरतो. विमान उडेल का? ह्यावर आमच्याकडे तीन रात्री गेल्या. मेकॅनिकलवाला म्हणायचा, विमानाला चाकं ढकलत नाहीत, इंजिन हवेला मागे ढकलतं, चाकं नुसती फिरतात, म्हणून उडेल. सिव्हिलवाला म्हणायचा, जागचं हललंच नाही तर उडेल कसं? तिसऱ्या रात्री कळलं की सिव्हिलवाल्याच्या डोक्यातला बेल्ट विमानाच्या नाही, चाकांच्या वेगाशी बरोबरी करत होता, म्हणजे चाकं कितीही फिरली तरी विमान जागीच. दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. अमेरिकेत मिथबस्टर्सवाल्यांनी २००८ मध्ये एक छोटं विमान लांबलचक कापडावर ठेवून कापड उलटं ओढून बघितलं. विमान उडालं. तरी लोकांचं भांडण थांबलं नाही. प्रयोगाने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, दुसरा तसाच राहिला.

हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरलं असतं तर आजचा भाग करावा लागला नसता.

आता मुख्य गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मॉन्टी हॉलचं कोडं माहीत असेल. नसेल तर ऐका. तीन दारं आहेत. एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलं. कार्यक्रमाच्या सूत्रधाराला कुठे काय आहे ते माहीत आहे. तो उरलेल्या दोनपैकी बकरीचं दार उघडून दाखवतो आणि विचारतो, "दार बदलायचंय का?" बदलावं की नको?

बहुतेकांचं उत्तर असतं, काय फरक पडतो, दोन दारं उरली, फिफ्टी-फिफ्टी. खरं उत्तर आहे, बदला. बदललं तर गाडी मिळायची शक्यता तीनात दोन. न बदलता तीनात एक.

हे कोडं स्टीव्ह सेल्विन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एका नियतकालिकात पत्रातून मांडलं होतं. पण गाजलं ते १९९० मध्ये. मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट अमेरिकेतल्या 'परेड' साप्ताहिकात सदर लिहायच्या. त्यांनी "बदला" असं बरोबर उत्तर दिलं आणि त्यांच्याकडे सुमारे दहा हजार पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं, बाई, तुम्ही चुकलात. त्यातली हजाराच्या आसपास पत्रं पीएचडीवाल्यांची! पॉल एर्डॉशसारख्या मोठ्या गणितज्ञालासुद्धा हे पटत नव्हतं. कॉम्प्युटरवर डाव खेळून दाखवले तेव्हा कुठे ते तयार झाले.

म्हणजे आम्ही चुकलो ह्यात विशेष काही नाही. आम्ही कसे चुकलो ते ऐका.

त्या रात्री आम्ही तिघं फिफ्टी-फिफ्टीवाले. सीए एकटा म्हणत होता, बदलायचं. त्याला फॉर्म्युला मांडता येत नव्हता. त्याने पत्ते काढले. बदामचा एक्का आणि दोन दुर्र्या. "एक्का म्हणजे गाडी. मी सूत्रधार." तीस डाव खेळलो, दरवेळी मी पत्ता बदलला. एकवीस वेळा एक्का आला.

मी काय म्हणालो असेन? "तीस म्हणजे काहीच नाही रे. सॅम्पल साइझ नावाची गोष्ट असते." आणि लॅपटॉप उघडला. पायथनमध्ये पंधरा-वीस ओळी. एक लाख डाव. एंटर दाबला. उत्तर आलं, पन्नास टक्के. दुसऱ्यांदा चालवला, पुन्हा पन्नासच्या आसपास.

खोलीत जल्लोष. सीए स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, "पण मी पत्ते बघून उघडत होतो." मी म्हणालो, "त्याने काय फरक पडतो? कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" पैज लागली होती आठवडाभराच्या चहाची. सीएने सात दिवस टपरीवर चौघांचे पैसे दिले, गुपचूप.

त्यानंतर तो रात्री बसायचा आमच्यात, पण बोलायचा कमी. कोडं टाकलं की म्हणायचा, "तुम्ही इंजिनिअर लोक ठरवा, मला ऑडिटचा पेपर आहे." आम्हाला वाटलं, परीक्षा जवळ आली.

आता थेट गेल्या वर्षात येऊ. मी नोकरीत, आमच्या ॲपचा रिस्पॉन्स टाइम दाखवणारा डॅशबोर्ड मी बनवलेला. सरासरी एकदम मस्त, सगळं हिरवंगार. आणि तिकडे ग्राहकांच्या तक्रारी, ॲप अडकतं, स्क्रीन फिरत राहते. मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, आकडे बघा, काही प्रॉब्लेम नाही.

नवीन आलेल्या एका टेस्टरने विचारलं, "सर, ज्या रिक्वेस्टला उत्तर आलंच नाही, त्या कुठे मोजल्यात?"

मी म्हणालो, "त्या इनव्हॅलिड आहेत, त्यांना एंड टाइमच नाही. त्या गाळल्यात."

बोलता बोलता मीच थांबलो. म्हणजे सगळ्यात वाईट अनुभव ज्यांना आला, नेमके तेच लोक मी सरासरीतून काढून टाकले होते. कोडमध्ये एक ओळ होती. एंड टाइम नसेल तर 'कंटिन्यू'. सोड, पुढचा घे.

डॅशबोर्ड दुरुस्त केला. पण तो 'कंटिन्यू' दिवसभर डोक्यातून जाईना. असं काहीतरी मी आधीही लिहिलंय, असं सारखं वाटत होतं. रात्री जुना ड्राइव्ह उघडला. कॉलेजच्या फोल्डरमध्ये ती फाइल होती. मॉन्टी हॉलची.

माझ्या कोडमधल्या सूत्रधाराला काहीच माहीत नव्हतं! तो उरलेल्या दोनपैकी कुठलंही एक दार डोळे मिटून उघडायचा. मग कधीकधी गाडीच उघडी पडायची. तेव्हा काय करायचं? मी लिहिलं होतं, गाडी निघाली तर 'कंटिन्यू'. डाव रद्द, पुढचा खेळ.

आता हिशोब बघा, मोबाइल खाली ठेवून बोटांवर करा हवं तर. तीन डावांपैकी सरासरी एका डावात तुम्ही सुरुवातीलाच गाडी निवडता. तिथे बदललं तर हरता. उरलेल्या दोन डावांत गाडी दुसरीकडे असते. जाणता सूत्रधार असेल तर तो मुद्दाम बकरी दाखवतो आणि दोन्ही डावांत बदलणारा जिंकतो. तीनात दोन. पण आंधळा सूत्रधार ह्या दोन डावांपैकी एकात गाडीच उघडी पाडतो. तो डाव मी फेकून दिला. उरले दोन डाव, एकात जिंकतो, एकात हरतो. फिफ्टी-फिफ्टी!

लाखातले तेहतीस हजारांच्या आसपास डाव मी कचरा म्हणून टाकले होते. सीएचं म्हणणं त्या कचऱ्यातच होतं. माझा कोड चुकला नव्हता, गणितही चुकलं नव्हतं. फक्त तो प्रश्न वेगळा होता. आणि सीएने त्याच रात्री सहा शब्दांत नेमका तोच फरक सांगितला होता, "पण मी पत्ते बघून उघडत होतो."

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. तो आता खराखुरा सीए आहे, सांगलीत. म्हटलं, "लेका, आठवतंय का, तीन पत्ते, एक्का..."

तो म्हणाला, "मला माहितीये मी बरोबर होतो. पुढच्याच आठवड्यात लायब्ररीत एका पुस्तकात सापडलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "तुम्ही तिघं इंजिनिअर, वर कॉम्प्युटर. मी एकटा पत्ते घेऊन. आणि तू विचारलंसच नाही रे, की बघून का उघडतोयस. तू निकाल लावून मोकळा झालास."

मला काही बोलता आलं नाही. खरं सांगू का, चूक झाल्याचं एवढं लागलं नाही. फुग्याच्या वेळी आम्ही तिघंही चुकलो होतो आणि हसलो होतो. लागलं ते हे, की आमच्यातला सगळ्यात स्वच्छ विचार करणारा माणूस मी एका आकड्याने गप्प केला, आणि वर त्याच्याच पैशांचा चहा प्यायलो.

सॉरी म्हणालो. तो हसला, "चार जण, सात दिवस, दहा रुपये कटिंग. दोनशे ऐंशी. वहीत आहे. व्याज सोडतो."

मी तेव्हाच यूपीआय केलं. नोटमध्ये लिहिलं, 'बदामचा एक्का'.

आता आम्ही चौघं महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बसतो. कोडी तीच, भांडणंही तशीच. पण दोन नियम केलेत, तुम्हीही करून बघा. एक, वाद सुरू करण्याआधी समोरच्याचा प्रश्न आपल्या शब्दांत सांगायचा, आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. विमानाचं भांडण ह्यात पाच मिनिटांत मिटलं असतं. दोन, हिशोबातून काही गाळलं तर ते मोठ्याने सांगायचं. "हे मी सोडतोय, ह्या कारणासाठी." नुसतं मोठ्याने बोललं तरी निम्म्या चुका स्वतःलाच ऐकू येतात.

आणि हो, ऑफिसमध्ये त्या टेस्टरचे आभार मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मानले. खाजगीत मानणं सोपं होतं, पण मी आकडे सगळ्यांसमोर मिरवले होते ना.

जाता जाता तुमच्यासाठी एक. कबुतरांनी भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा आहे. ड्रायव्हरने दणकन दार वाजवलं, सगळी कबुतरं आत उडाली, हवेतच आहेत. काट्यावरचं वजन कमी होईल का? मित्रांना विचारा, भांडा. पण भांडणाआधी एवढं नक्की विचारून घ्या, ट्रक चारही बाजूंनी बंद आहे की जाळीचा?

आणि ग्रुपमध्ये जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला उत्तर आधी विचारा. त्याचं संपेपर्यंत लॅपटॉप उघडू नका.

चला, पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत मजेत राहा!