लॅब निवडायची कशी? काकांचे एलईडी दिवे आणि बीआयएस नंबर

आज कोडिंग नाही, आज थेट गाळ्यावर जाऊ.

माझे काका भोसरीत भाड्याच्या गाळ्यात एलईडी दिव्यांचं काम करतात. सहा माणसं आणि एक प्रेस, पावडर कोटिंग बाहेरून. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी फक्त बॉडी बनवून द्यायचे, आता स्वतःच्या नावाने अख्खा दिवा विकायचाय. एका शिक्षण संस्थेची मोठी ऑर्डर जवळपास ठरलीय. त्यांनी एकच मागितलं : बीआयएस नंबर. ते काम माझ्याकडे आलं, कारण घरच्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. बीटेक कॉम्प्युटरचं असलं तरी मिक्सर मीच उघडतो.

पहिला फोन एका एजंटचा. "सर, बीआयएस, सीई, आयएसओ, तिन्ही एका पॅकेजमध्ये. दहा दिवसांत. सॅम्पलपण नको." काका म्हणाले, "अरे, घेऊन टाकू, नाहीतर ऑर्डर हातची जाईल." मी म्हटलं, "काका, सॅम्पलच नको, तर तो तपासणार काय?"

आता या तीन गोष्टी वेगळ्या करू. आयएसओ ९००१ कारखान्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं. तुमच्या दिव्याला हात लावला तर शॉक बसेल का, हे ते सांगत नाही. सीई युरोपात विकायला लागतं, आणि अशा दिव्यांसाठी उत्पादकच टेस्ट रिपोर्ट आणि टेक्निकल फाइल तयार करून स्वतःच्या सहीने घोषणा करतो. काकांचा माल साताऱ्यापुढे जात नाही, त्यांना ते कशाला? राहिलं बीआयएस. भिंतीवर-छतावर लावायचे एलईडी दिवे सक्तीच्या नोंदणीत येतात, म्हणजे आर-ने सुरू होणारा नंबर नसेल तर विकताच येत नाहीत. २०१६ च्या बीआयएस कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख दंड, किंवा दोन्ही लिहिलंय.

आणि तो नंबर बीआयएसच देतं, दुसरं कुणी नाही. अर्ज ऑनलाइन, उत्पादकाने स्वतः केला तरी चालतो. त्यामुळे आपल्याला खरं तर निवडायची असते ती लॅब.

बीआयएसने मान्यता दिलेल्या लॅबची यादी त्यांच्या साइटवर आहे. पण नुसतं नाव यादीत आहे म्हणून थांबू नका. स्कोप बघा. एखादी लॅब मोबाइल चार्जरसाठी मान्य असेल, दिव्यांसाठी नसेल. आम्हाला आयएस १०३२२, भाग ५, सेक्शन १ हवा होता. तो नंबर स्कोपमध्ये शोधायचा, सेल्सवाल्याच्या बोलण्यात नाही.

दोन कोटेशन आली. पहिली लॅब स्वस्त, पण सॅम्पल नापास झालं तर पुन्हा पूर्ण फी. दुसरी महाग, पण तिथल्या इंजिनिअर मॅडमनी आधी आतले फोटो मागितले आणि लगेच विचारलं, "अर्थिंगची वायर रंगावरच स्क्रू केलीय का? पावडर कोटिंग खरवडलेलं दिसत नाही." टेस्टच्या आधीच एक नापास वाचला! मी दुसरी लॅब निवडली. काका फीवरून दोन दिवस गप्प होते.

मग दोन गोष्टी कळल्या, ज्या कोटेशनमध्ये नसतात. एक, नोंदणी कारखान्याच्या पत्त्याला चिकटलेली असते. काकांचा भाडेकरार चार महिन्यांत संपतोय. गाळा बदलला की नव्या पत्त्यासाठी पुन्हा नोंदणी. म्हणून आधी मालकाशी बसून करार वाढवला, मग पुढचं. टेस्ट रिपोर्ट अर्ज करताना ९० दिवसांपेक्षा जुना चालत नाही, म्हणून हाच क्रम बरा.

दुसरी गोष्ट भांडणाची. लॅब रिपोर्टसोबत महत्त्वाच्या पार्ट्सची यादी जोडते : कुठल्या कंपनीचा ड्रायव्हर, कुठली वायर, कुठला कनेक्टर. आपल्या भाषेत लॉक फाइल. व्हर्जन बदललं तर टेस्ट तुमच्या मालाची राहिली नाही. आणि काकांची पद्धत अशी की बुधवार पेठेत त्या दिवशी जो ड्रायव्हर स्वस्त, तो त्या दिवशी दिव्यात. "दहा रुपये वाचतात रे." मी म्हटलं, "काका, शाळेतल्या पोरांच्या डोक्यावर लागणार आहेत हे."

ते काही बोलले नाहीत. गोदामातून ड्रायव्हरचा खोका आणला. ड्रायव्हरलाही वेगळी नोंदणी लागते, त्यामुळे त्यावर आर-नंबर छापलेला होता. बीआयएस केअर हे ॲप फुकट आहे; मी त्यात नंबर टाकला. नाव आलं ते भलत्याच कंपनीचं. काकांनी चष्मा काढून मोबाइल डोळ्यांजवळ धरला, दोनदा वाचलं, आणि दुकानदाराला फोन लावला.

आता एकच ड्रायव्हर ठरवलाय, नंबर तपासून. तीस रुपयांनी महाग. सोमवारी सॅम्पल लॅबला जातायत, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून. संस्थेला मी तारखांसकट मेल केलाय. निकाल आला की पुढच्या भागात सांगतो, नापास झालो तरी.