सर्वांत मागचा सायकलस्वार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, अशी आपल्याकडील रीत आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विषयही आम्ही ओळखीचाच निवडला आहे. सायकल आणि सायकलीवरून जथ्याने केलेला देशाचा प्रवास, हा तो विषय.

आपल्या जिल्ह्याला सायकल नवी नाही. मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात कापसाचा हंगाम सुरू झाला, की जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकाशी सायकलींची रांग लागत असे. हँडलला भाकरीचा डबा आणि वीसेक किलो वजनाचे ते काळे लोखंडी वाहन. वाटेत पंक्चर झाले, तर अर्धा खाडा पडे. राजूर घाटात तर सायकल माणसाला नेत नसे, माणूसच सायकलीला नेत असे. दहा किलोमीटर जाणे, दहा किलोमीटर येणे. महिन्याचे पंचवीस दिवस धरा. दहा महिन्यांत पाच हजार किलोमीटर होतात. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

सायकलीवरून लांबचा प्रवास करण्याची हौसही आपल्याकडे जुनी आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सुमारे साडेचार वर्षांनी, १९२८ साली, अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरांचा तो प्रवास. त्यांच्या धाडसापुढे मान लवते, यात शंका नाही. परंतु आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. सहा निघाले आणि तिघांनी प्रदक्षिणा पुरी केली. यात दोष कोणाचाही नाही. पराक्रमाचा नियमच तसा आहे. ज्याचे पाय चालतात तो पुढे जातो, ज्याचे थांबतात तो थांबतो.

आता दुसऱ्या प्रवासाकडे येऊ. आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' यात्रा काढली. तो काळ आठवा. १९८४ साली पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली होती. तिच्या मागोमाग दिल्लीत आणि अन्यत्र शीख बांधवांची घरे जळली, माणसे मारली गेली. पंजाब धुमसत होता. अशा वेळी शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर बसल्या आणि सुमारे पाच हजार किलोमीटर उत्तरेकडे गेल्या. बाबांचे वय तेव्हा एकाहत्तर. पाठीच्या दुखण्याने त्यांना बसणे अशक्य झाले होते. ते उभे राहू शकत किंवा पडून राहू शकत. तेव्हा वाहनात आडवे पडून ते बरोबर राहिले. १९८८ साली दुसरी यात्रा निघाली. ती पूर्वेच्या इटानगरपासून पश्चिमेच्या ओख्यापर्यंत.

पाच हजार किलोमीटर! म्हणजे आमच्या जिनिंगमधल्या कामगाराचे दहा महिन्यांचे येणे-जाणे. मग या यात्रेत विशेष ते काय? विशेष आहे ते एवढेच, की जथ्याने जाताना वेग ठरवायचा कोणी, हा प्रश्न रोज सकाळी सोडवावा लागतो. एकट्याचा वेग त्याच्या पायांत असतो. जथ्याचा वेग मात्र सर्वांत मागे राहणाऱ्याच्या पायांत असतो. त्याच्यासाठी न थांबणाऱ्या जथ्याची दुपारपर्यंत शर्यत होते आणि शर्यतीला यात्रा म्हणता येत नाही. ज्या यात्रेचा म्हातारा नेता स्वतःच बसू शकत नाही, त्या यात्रेत 'मागे राहिला तो दुबळा' असे कोण कोणत्या तोंडाने म्हणणार? कुष्ठरोग्यांना समाजाने मागे टाकले, आणि या माणसाने आपले आयुष्य त्या मागे टाकलेल्यांच्या बरोबर राहण्यात घातले. त्याने मोटारींचा ताफा न काढता सायकली काढाव्यात, हे आम्हांला स्वाभाविक वाटते. सायकलस्वाराला खेड्यातला माणूस हाक मारू शकतो. मोटारीला हाक मारता येत नाही.

येथे कोणी विचारील, की या यात्रांनी भारत जोडला गेला काय? प्रश्न रास्त आहे. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत काय झाले, हे आपण जाणतो. ज्या देशातून सायकली गेल्या, त्याच देशात चारच वर्षांनी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार फोडले. मग यात्रा वाया गेली काय?

याचे उत्तर आम्ही सायकलीच्या दुकानातून देतो. आपल्या साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्या चाकाला चाळीस तारा असतात. एकेक तार हाताने वाकेल, इतकी बारीक. तरी सर्व तारा सारख्या ताणलेल्या असल्या, की त्याच चाकावर माणूस बसतो आणि कॅरिअरवर पोतेही बसते. दोन-चार तारा सैल पडल्या, की चाक डगमगते. मग मिस्त्री चाक फिरवून त्याचा आउट काढतो. कोणतीही तार त्याला फेकावी लागत नाही. सैल असेल ती तो आवळतो, फार ताणली असेल ती थोडी ढिली करतो. आणि आउट एकदा काढला, म्हणजे जन्माचे काम झाले, असे कोणताही मिस्त्री सांगत नाही. रस्त्याला खड्डे आहेत, चाक पुन्हा डगमगणार. माणसे जोडण्याचे कामही असेच आहे. ते एकदा करून संपत नाही, आणि संपत नाही म्हणून ते व्यर्थही ठरत नाही.

हे बोलणे सोपे आहे. परंतु आमच्यावर जेव्हा वेळ आली, तेव्हा आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. नाव घेत नाही, पण एका कारखान्यात पगारवाढीची वाटाघाट चालली होती. मालकाने कायम कामगारांना वाढ देऊ केली. आवारात कापूस निवडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बाया कंत्राटावर होत्या. त्यांच्याबद्दल करारात एक ओळही नव्हती. 'आधी आपले पदरात पाडून घेऊ, त्यांचे पुढच्या खेपेस पाहू,' असे आम्ही म्हणालो आणि सही केली. गुलाल उधळला. त्या बाया फाटकाशी उभ्या राहून तो गुलाल पाहत होत्या. पुढे दोन वर्षांनी कायम कामगारांनाच कमी करण्याची पाळी आली. आम्ही संपाची हाक दिली. त्या दिवशी बाया कामावर गेल्या. एक वयस्कर बाई आमच्याजवळ थांबून म्हणाली, "भाऊ, तुम्ही सायकलीवर होते, आम्ही पायी होतो. तुम्ही मागं वळून पाह्यलं नाही." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळू पाहतो. सभा बोलावली, की आधी जो येऊ शकला नाही त्याच्या घरी जायचे. तो येईपर्यंत ठराव मांडायचा नाही. यामुळे आमची कामे उशिराने होतात आणि तरुण कार्यकर्ते चिडतात. चिडोत बापडे!

बंधुभगिनींनो, कन्याकुमारी फार दूर आहे. आमची सूचना लहान आहे. या पावसाळ्यानंतर शहरातल्या पंचवीस-तीस जणांनी मलकापूरहून निघावे. नांदुरा, खामगाव, चिखली, मेहकर आणि लोणार करीत सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी पोहोचावे. त्यात वकील असावेत, हमाल असावेत, मास्तर असावेत. शाळेसाठी सरकारी योजनेतून सायकली मिळालेल्या खेड्यांतल्या मुली असाव्यात. त्यांची आई ज्या वयात पायी चालली, त्या वयात या मुली चाकावर बसल्या, ही लहान गोष्ट नव्हे. मुक्काम मात्र ओळखीच्या घरी करू नये. ज्या वस्तीत आपण आजवर पाणी प्यालो नाही, त्या वस्तीत रात्र काढावी आणि तिथलीच भाकरी खावी. जथ्याच्या अग्रभागी सर्वांत हळू चालवणारा असावा आणि सर्वांत दणकट गड्याने पंप व पंक्चरचे सामान घेऊन सर्वांत मागे राहावे.

किती दिवसांत पोहोचलो, हे कोणी विचारू नये. निघाले तितके पोहोचले काय, एवढेच विचारावे.