मुलाच्या हातीं काय द्यावें ?
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



ज्या पिढ्यांनीं हा धर्मग्राम उभा केला, त्यांचें स्मरण आज पुष्कळांनीं केलें आहे, आणि तें योग्यच आहे. आम्हीं मात्र पुढच्या पिढीसंबंधीं एक प्रश्न आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. संकट आलें असतां एक मनुष्य कंबर कसून उभा राहातो. आणि त्याच्याच शेजारीं वाढलेला, तितकीच बुद्धि असलेला दुसरा मनुष्य, 'माझ्या हातांत काय आहे?' असें म्हणून खालीं बसतो. हा फरक येतो कोठून ? आमचें म्हणणें असें कीं, तो पुष्कळ अंशीं बालपणींच पडतो, आणि तोहि आपल्याच घराच्या चार भिंतींत.

ह्या फरकाला मानसशास्त्रांत नांव आहे. ज्यूलियन रॉटर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६६ सालीं ह्या विषयावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानें वाक्यांच्या जोड्या तयार केल्या व प्रत्येक जोडींतून आपणांस पटेल तें वाक्य निवडण्यास लोकांना सांगितलें. एका वाक्याचा आशय असा कीं, माणसाचें बरेंवाईट त्याच्या स्वतःच्या करणीवर अवलंबून असतें. दुसऱ्याचा असा कीं, तें नशिबावर किंवा बड्या लोकांच्या मर्जीवर अवलंबून असतें. पहिल्या बाजूस झुकणाऱ्यांच्या आयुष्याची सूत्रें त्यांना स्वतःपाशीं आहेत असें वाटतें, दुसऱ्यांना तीं बाहेर कोणापाशीं तरी आहेत असें वाटतें. पुढें १९७३ सालीं नोविकी व स्ट्रिकलंड ह्या संशोधकांनीं मुलांकरितां ४० प्रश्नांची अशीच एक प्रश्नावली तयार केली. म्हणजे हा कल शाळकरी वयांतच मोजतां येण्याइतका स्पष्ट झालेला असतो.

तो बनतो कसा ? १९६७ सालीं मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर ह्यांनीं कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोग निष्ठुर होता, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्यांतून निघालेला धडा विसरण्याजोगा नाहीं. कांहीं कुत्र्यांना विजेचे झटके देत, पण त्यांनीं डोक्यानें एक फळी दाबली कीं झटका थांबे. दुसऱ्या कांहींना तितकेच झटके बसत, परंतु त्यांनीं कांहींहि केलें तरी ते थांबत नसत. पुढें दोघांनाहि अशा पेटींत ठेवलें कीं, मधला बुटका अडसर ओलांडला असतां सुटका व्हावी. पहिले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्यांपैकीं बहुतेक तेथेंच कण्हत पडून राहिले. वाट उघडी होती, पण ती शोधण्याची उमेद उरली नव्हती. दुःख दोघांच्याहि वांट्यास सारखेंच आलें होतें. एकाच्या करणीला उत्तर मिळालें होतें व दुसऱ्याच्या करणीला मिळालें नव्हतें, इतकाच काय तो भेद. हतबलता ही शिकली जाते, असा सिद्धांत त्यावरून मांडला गेला.

परंतु २०१६ सालीं त्याच दोघांनीं, मेंदूवरील पुढच्या संशोधनाच्या आधारें, आपला सिद्धांत उलटा केला. दीर्घकाळ दुःख सोसावें लागलें म्हणजे गळून पडणें हा मेंदूचा मूळचाच धर्म आहे. तो कोणास शिकवावा लागत नाहीं. शिकावें लागतें तें हें कीं, आपल्या करणीनें कांहीं पालटतें. कपाळामागच्या मेंदूच्या भागास हें एकदां उमगलें म्हणजे तो खालच्या भागांतून उठणारी ती मरगळ आवरूं लागतो. बंधुभगिनींनो, ह्याचा अर्थ असा कीं, धीर हा सरावानें येणारा गुण आहे. आणि मूल हा सराव सर्वांआधीं कोणापाशीं करतें ? आपणांपाशीं.

हा सराव पाळण्यांतच सुरू होतो. वॉटसन व रॅमी ह्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सुमारें दोन महिन्यांच्या बाळांच्या डोक्यावर एक फिरतें खेळणें टांगलें होतें. कांहीं बाळांनीं उशी डोक्यानें दाबली कीं तें फिरे. इतर कांहींचें आपोआप फिरे. थोड्याच दिवसांत पहिलीं बाळें उशी अधिक वेळां दाबूं लागलीं, आणि खेळण्याकडे पाहून हसूं व हुंकारूं लागलीं. दुसऱ्यांनाहि खेळणें मिळालें होतें, पण तितका आनंद मिळाला नाहीं. रडणाऱ्या बाळाकडे आई वळते तेव्हां ती त्याला केवळ दूध पाजीत नाहीं. तुझ्या हांकेला ओ मिळते, हें ज्ञानहि पाजते.

घरांत ही शिकवण दोन रीतींनीं मोडते. पहिली रीति सर्वांच्या ओळखीची आहे. काल ज्या खोडीवर बाप हसला, त्याच खोडीबद्दल आज त्यानें पट्टा उगारला. मार बसणें न बसणें हें मुलाच्या वागण्यावर न ठरतां बाप शुद्धीवर घरीं येतो कीं नाहीं ह्यावर ठरूं लागलें, म्हणजे मूल एकच विद्या शिकतें : मोठ्यांचें तोंड पाहून पाऊल टाकण्याची. मोठेपणींहि तें कोणाच्या ना कोणाच्या तोंडाकडे पाहात राहातें.

दुसरी रीति मायेच्या पोटीं जन्मते, म्हणून ती ओळखूं येत नाहीं. आई घास भरविते, बुटाच्या नाड्या बांधते, दप्तर भरते. बाप शाळेचीं चित्रें काढून देतो, आणि दहावीनंतर कोणती शाखा घ्यावयाची हें मुलास न विचारतांच ठरवितो. ह्या मुलाला फळ मिळतें, पण तें त्यानें लावलेल्या झाडाचें नसतें. विनाकारण मार खाणाऱ्या मुलाप्रमाणें ह्याच्याहि करणीचा व परिणामाचा संबंध तुटलेला असतो. पहिल्या मुलाचे हाल मोठे, हें कोण नाकारील ? पण धडा तोच : तुझ्या करण्यानें कांहीं होत नाहीं.

मग ज्यांचें बालपण करपलें, त्यांचें सारें संपलें काय ? ह्याचें उत्तर हवाई बेटांपैकीं कौआई बेटावरून मिळतें. १९५५ सालीं तेथें जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चाळिशीपर्यंत ठेवला. सुमारें एकतृतीयांश मुलें दारिद्र्य, कलह, दारू, आईबापांचे मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकदम सांपडलीं होतीं. त्यांपैकीं दर तिघांतला एक जण कर्तबगार व मायाळू मनुष्य झाला. अशांत काय आढळलें ? आपल्या करणीनें आपली स्थिति सुधारतां येते, असा त्यांचा विश्वास होता. पुष्कळांवर घरांत खरेंखुरें काम सोंपविलेलें होतें. उदाहरणार्थ, धाकट्या भावंडांची देखभाल. आणि निदान एका वडील माणसाची माया त्यांना लाभली होती. तें माणूस कधीं आजी असे, कधीं शेजारीण, कधीं शिक्षक, तर कधीं चर्चमधील कोणी. इतर मुलांपैकीं ज्यांचीं पावलें किशोरवयांत घसरलीं, तींहि पुष्कळशीं पुढें सांवरलीं. धर्मग्राम म्हणजे अशा वडील माणसांचेंच कुटुंब नव्हे काय ? ज्या मुलाच्या घरीं त्याला कोणी विचारीत नाहीं, त्याला आपण विचारलें पाहिजे.

येथें तीन इशारे देणें अवश्य आहे. सारें कांहीं तुझ्या हातांत आहे, असें मुलाला सांगणें हेंहि असत्यच. आजार, मृत्यु, बापाची गेलेली नोकरी ह्या गोष्टी त्याच्या हातच्या नव्हेत. आईबाप भांडले तर तें आपल्यामुळेंच, असें लहान मूल पुष्कळदां मनांत धरतें. 'बाळ, हें तुझ्यामुळें नाहीं', असें त्याला स्पष्ट सांगितलें पाहिजे. दुसरें असें कीं, देवाच्या इच्छेपुढें मान तुकविणें व हातपाय गाळणें ह्या गोष्टी एक नव्हेत. देवावर भरवसा ठेवणारा शेतकरी पेरणी चुकवीत नाहीं. तिसरें, जो खालीं बसला आहे त्याला आळशी म्हणून हिणवूं नये. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना संशोधकांनीं गळ्यांत दोरी बांधून पुनःपुन्हां अडसरापलीकडे ओढून नेलें. पुष्कळ खेपांनंतर ते आपण होऊन उडी मारूं लागले. उपदेशानें तें झालें नाहीं. पाय प्रत्यक्ष पलीकडे टेकले, तेव्हां झालें.

म्हणून आमची आपणांस विनंति इतकीच. उद्यां घरीं मुलाला एक काम द्या; असें कीं, त्यानें तें न केलें तर खरोखरच अडेल. कोंबड्यांना दाणे घालणें असो, आजीचीं औषधें वेळेवर देणें असो, किंवा रविवारच्या बाजाराचा हिशेब असो. तें त्याच्याकडून चुकूं द्या, आणि चूक त्यालाच निस्तरूं द्या. घरचे नियम थोडे असोत, पण आज एक व उद्यां दुसरा असें नसो. त्यानें प्रश्न विचारला तर उत्तर द्या. आणि जें त्याच्याविषयीं ठरवावयाचें तें त्याच्या वयाच्या मानानें त्याला विचारून ठरवा. आपण मुलांकरितां घर ठेवूं, शेत ठेवूं, चार पैसे ठेवूं. परंतु ह्यांपैकीं कांहींहि गेलें तरी पुन्हां उभें राहाण्याची हिंमत त्यांच्या अंगीं असावी, अशी आपली इच्छा असेल, तर तिचा सराव आजच त्यांच्या लहानग्या हातांकडून करून घेतला पाहिजे.