चौकटीचा जीव सांध्यात

चौकटींचं विश्लेषण हा स्थापत्य अभियांत्रिकीतला विषय मुलं बहुधा धास्तावूनच शिकतात. पण तुम्ही-आम्ही ज्या अपार्टमेंटमध्ये रात्री निर्धास्त झोपतो, ती याच विषयाच्या भरवशावर उभी आहे. म्हणून तो वर्गाबाहेर यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

गणपतीच्या दिवसांत आपल्या पेठांमध्ये मांडव उभे राहतात. मांडववाले उभे-आडवे बांबू काथ्याने बांधतात आणि शेवटी एक बांबू तिरपा मारतात. तो तिरपा बांबू सोडून कोपरा ढकलून पाहा, अख्खा चौकोन एका अंगाला कलंडतो. काथ्याची गाठ बांबूला जागेवर धरते, पण फिरण्यापासून अडवत नाही. तिरपा बांबू आला की त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाचा आकार बाजूंची लांबी बदलल्याशिवाय बदलत नाही. कारखान्यांच्या छपराच्या कैच्या याच नियमावर उभ्या असतात.

राहत्या इमारतीत खोलीच्या मधून असं तिरपं काही नेता येत नाही. मग चौकोन ताठ ठेवण्याचं काम कोपऱ्यांवर येतं. बीम आणि कॉलम सांध्यात असे एकजीव ओतायचे, की भाराने सांधा थोडा फिरला तरी त्यांच्यामधला काटकोन मोडू नये. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात दगडी तुळया खांबांवर नुसत्या वजनाने बसल्या आहेत. दगडाला ताण सोसत नाही, म्हणून अशा बांधणीत खांब जवळ जवळ घ्यावे लागतात. काँक्रीटच्या पोटात सळई आली, सांधा एकजीव झाला, तेव्हा कुठे खांब लांब सरकले.

सांधा एकजीव झाला, पण गणित मात्र बिकट झालं. नुसत्या दोन टेकूंवर ठेवलेल्या तुळईचं उत्तर समतोलाच्या समीकरणांतून निघतं. चौकटीत अज्ञात राशी जास्त आणि ती समीकरणं अपुरी. चार-पाच मजले म्हटले की हातांनी सोडवायला डझनावारी समीकरणं एकदम समोर येत. 1930 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी जेमतेम दहा पानांच्या लेखात त्यातून वाट काढली. त्यांची पद्धत एका सांध्यापुरती इथेच करून पाहू.

6 मीटरचा बीम घ्या, त्यावर दर मीटरला 20 किलोन्यूटन भार. एक टोक भक्कम पक्कं आणि दुसरं 3 मीटर उंचीच्या कॉलमच्या माथ्यावर. दोघांचा छेद सारखा, कॉलमचा पायथाही पक्का. आधी समजायचं, की सांध्याला कुलूप घातलं आहे. मग बीमच्या दोन्ही टोकांना 60 किलोन्यूटन-मीटर वळण येतं. आता कुलूप काढा. ते 60 बीम आणि कॉलम आपापल्या ताठपणाच्या प्रमाणात वाटून घेतात. कॉलम निम्म्या लांबीचा, म्हणून दुप्पट ताठ: त्याच्याकडे 40, बीमकडे 20. त्या 20 ने बीमचं टोक 60 वरून 40 वर उतरतं आणि सांधा समतोल होतो. वाटणीचा निम्मा हिस्सा पलीकडे पोचतो: कॉलमच्या पायथ्याला 20, बीमच्या पक्क्या टोकाला 60 चे 70. झालं गणित!

यातली एक गोष्ट घरी घेऊन जा. जो ताठ, तो भार स्वतःकडे ओढून घेतो.

हेच गणित आज स्टॅड किंवा ईटॅब्ससारखं सॉफ्टवेअर अख्ख्या इमारतीसाठी चुटकीसरशी करतं. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. पण पायथा पक्का, हे त्याला आपण सांगितलेलं असतं. आपल्याकडच्या काळ्या मातीत फुटिंग फिरलं आणि पायथा बिजागरीसारखा वागला, तर वरच्या उदाहरणात कॉलमच्या माथ्याचे 40 चे 36 होतात, पायथ्याचे 20 शून्यावर येतात आणि बीमच्या पलीकडच्या टोकाला 70 ऐवजी 72 येतात. सॉफ्टवेअर मातीची चौकशी करत नाही, दिलेल्या आकड्यांवर इमानाने चालतं. म्हणून विद्यार्थ्यांना माझा आग्रह असतो, की संगणक उघडण्याआधी कागदावर चौकट काढा आणि भार आल्यावर ती कशी वाकेल ते एकही आकडा न लिहिता रेखाटा. ज्या अंगाला काँक्रीट ताणलं जाईल, सळई तिथे. ही रेघ ज्याला हाताने काढता येत नाही, त्याला संगणकाने दिलेलं चुकीचं उत्तर ओळखता येणार नाही.

आतापर्यंतचा भार वरून खाली होता. आडवा भार काय करतो, ते आपल्या भागाने 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे पाहिलं. कोयनेच्या भूकंपाची तीव्रता 6.5 च्या आसपास होती. धरणाचा आराखडा करताना वजनाच्या फक्त 5 टक्के आडवा जोर धरला होता. धरणावरच्या यंत्राने जमिनीच्या हादऱ्याची नोंद केली ती गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मी. धरण टिकलं, पण उतार जिथे बदलतो त्या उंचीवर त्याला भेगा पडल्या. कोयनानगरची दगडी घरं कोसळली. 2016 च्या भारतीय मानकात आपलं कोल्हापूर तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे.

आणि आपण बांधतोय काय? खाली मोकळं पार्किंग, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले. भिंतींमुळे वरचे मजले ताठ होतात आणि सगळं झुलणं खालच्या उघड्या कॉलमांवर येतं. त्यातून पार्किंगची उंची वाढवली तर आणखी पंचाईत, कारण कॉलमची उंची दुप्पट केली की त्याचा आडवा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. 26 जानेवारी 2001 ला भूकंपाचं केंद्र दोनशेहून अधिक किलोमीटर दूर कच्छात असताना अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती तळमजल्यातच बसल्या. म्हणून मानक सांगतं, की सांध्याला मिळणाऱ्या कॉलमांची वळण सोसण्याची ताकद बीमांच्या किमान 1.4 पट हवी. बीम आधी वाकला तर माणसाला बाहेर पडायला अवधी मिळतो. कॉलम आधी गेला तर वरचे सगळे मजले खाली येतात.

हे सगळं साइटवर एका वीतभर जागेत पणाला लागतं. कॉलमच्या सळयांना रिंगा व्यवस्थित बांधलेल्या असतात, पण बीमच्या उंचीइतक्या भागात, म्हणजे नेमक्या सांध्यात, त्या बऱ्याचदा नसतात. बीमचं लोखंड बसल्यावर तिथे रिंग सरकवायला जागा उरत नाही, म्हणून ती राहून जाते. ती बीमची सळई बसण्याआधीच घालून ठेवावी लागते, आणि तिची टोकं 135 अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवावी लागतात. नुसती काटकोनात वळवलेली रिंग हादऱ्यात उघडते. नवी इमारत घेणाऱ्यांनी स्लॅब पडण्याच्या आदल्या दिवशी आपल्या इंजिनिअरबरोबर सेंट्रिंगवर चढावं, आणि पार्किंगच्या वरच्या पहिल्या स्लॅबच्या सांध्यांत त्या रिंगा मोजून घ्याव्यात.