मेलेली कीड आणि झोपलेली कीड
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीत आपण भावाचे बोलतो, कर्जाचे बोलतो, विजेचे बोलतो. आज केरसुणीचे बोलायचे आहे. हसू नका. ज्या घरात कापसाची गंजी लागते, त्या घरातला केर हा पुढच्या हंगामाचा प्रश्न आहे.

कापूस आपण हौसेने घरात ठेवत नाही. भाव पडलेला असतो, म्हणून ओसरीत, माजघरात कापूस भरतो आणि वाट पाहतो. अंगाला खाज सुटते, लेकरे रात्रभर खाजवतात, तरी कापूस हलत नाही. शेवटी गंजी उचलली की खाली मेलेले पतंग, वाळक्या अळ्या, किडकी सरकी यांचा थर निघतो. कीड मेली म्हणायचे आणि केर उकिरड्यावर टाकायचा, ही आपली रीत.

पण त्या केरातली सगळी कीड मेलेली नसते. गुलाबी बोंडअळी सरकीच्या आत, कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून, झोपून राहते. खाणे नाही, हालचाल नाही. पुढे हवामान मानवले की तिचा कोष होतो, कोषातून पतंग निघतो आणि फुला-पात्यावर आलेली पऱ्हाटी शोधतो. बीजी-२ बियाण्याला ही अळी दाद देत नाही, हे आपण २०१७ साली डोळ्यांनी पाहिले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे गेली. जी अळी मे महिन्यात फुकट मारता येते, ती ऑक्टोबरात बोंडात शिरल्यावर महागडे औषध मारूनही हाती लागत नाही.

म्हणून कापूस विकला की त्याच दिवशी जागा झाडा. फटी, कोपरे, जुनी पोती, काही सोडू नका. किडकी सरकी आणि कवडी गोळा करून घरापासून, गोठ्यापासून, कडब्याच्या गंजीपासून लांब, वारा नसताना जाळा. आग विझल्याशिवाय जागा सोडू नका. कापूस घरात ठेवावाच लागला, तर तिथे कामगंध सापळा टांगा.

दुसरी गोष्ट विषाने मेलेल्या किड्यांची. घरात, गोठ्यात औषध मारले की अंगणात किड्यांचा सडा पडतो. कोंबड्या तो टिपतात, रांगते मूल उचलते. किडा मेला तरी विष त्याच्या अंगावर असते. कोंबड्या डालून ठेवा. उघड्या हाताने गोळा करू नका. ओला केर झाडून, विहिरीपासून दूर, हातभर खड्ड्यात पुरा. हे किडे उकिरड्यावर नकोत आणि जाळायचेही नाहीत, कारण विषाचा धूर आपल्याच नाकात जातो.

तिसरी गोष्ट हिंग्यांची. बाजरी-ज्वारीच्या कणसावरचे हिंगे दिव्याखाली मरून पडले, तरी त्यांच्या अंगातला फोड आणणारा रस संपत नाही. चिरडू नका, वैरणीत जाऊ देऊ नका.

हुमणीचे भुंगेरे मात्र मरायची वाट पाहू नका. पहिल्या पावसानंतर अंधार पडला की ते कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवा, खाली पडलेले वेचा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. एक मादी मेली की तिची अंडी आपल्या जमिनीत जात नाहीत.

भावांनो, पतंगाला बांध कळत नाही. एका घराने झाडले आणि शेजारच्या घरात केर राहिला, तर दोघांचेही बोंड किडणार. जिनिंगच्या आवारातल्या सरकीच्या ढिगालाही हाच नियम आहे, आणि तो ढीग आपल्या घरातल्या केरापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिथे जाऊन सांगायचे कामही आपलेच.

कापूस वेचणीलाच रास्त भावाने गेला असता, तर तो घरात कुजत पडला नसता. ती लढाई आपण सोडलेली नाही. पण भाव मिळेपर्यंत अळीला घरात पोसायचे, हा सौदा आपल्याला परवडणारा नाही. पेरणीआधी गावाने एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी प्रत्येक घरातून केरसुणी निघावी.